परळचे जुने गव्हर्नमेंट हाऊस

परळला आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्थेची जी जुनी इमारत आहे, ती मुळात पोर्तुगीज अमदानीतील जेझुइट पाद्र्यांचा मठ. गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कारकिर्दीत (१७१५–१७२२) इंग्रजांनी ती ताब्यात घेतली. तेव्हाचे परळ म्हणजे शहराबाहेरचे हिरवे गाव. कोटातल्या दाटीला कंटाळलेले गव्हर्नर हवापालटासाठी तिथे येत. पुढे गव्हर्नर हॉर्नबीच्या काळापासून ते त्यांचे राहते घरच झाले. चर्चच्या जागी खाली भोजनगृह आणि वर नाचाचा दिवाणखाना आला. गव्हर्नर एल्फिन्स्टनने दोन्ही अंगांना पाख्या जोडल्या. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सचा मुक्काम इथेच होता.

एवढ्यात भोवतालचे परळ पालटले होते. गिरण्यांचा धूर बंगल्यापर्यंत येऊ लागला, वस्ती वाढली, आणि रोगराईही. पुण्याच्या कॉलेजला ज्यांचे नाव आहे, त्या सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी त्यांच्या गव्हर्नरपदाच्या काळातच कॉलऱ्याने वारल्या. १८८५ च्या सुमारास गव्हर्नरांनी मलबार पॉइंट गाठला.

ज्या रोगराईमुळे गव्हर्नर इथून हलले, तिनेच या घराला नवे काम दिले. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग उफाळला. त्या साथीत इथे रोगी ठेवले गेले. जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन तेव्हा भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगवरची लस तयार करत होते. मांसरसाच्या चंबूत वर तुपाचे थेंब तरंगत. त्यांना धरून प्लेगचे जंतू झुंबरासारखे खाली लोंबत वाढत. मग ते उष्णतेने मारून लस बने. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मुंबईच्या इतिहासातले हे धैर्य विसरण्याजोगे नाही. मागणी वाढली, जागा अपुरी पडली, आणि १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या या प्रशस्त वाड्यात आली.



१९०६ मध्ये प्रयोगशाळा ‘बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ झाली; १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. १९३२ मध्ये साहिबसिंग सोखे हे तिचे पहिले भारतीय संचालक झाले. १९७५ मध्ये लसउत्पादनासाठी वेगळे महामंडळ निघाले. संशोधन, प्रशिक्षण आणि चाचण्या संस्थेकडे राहिल्या.