टाचणी आणि अपेंडिक्स

क्लॉडियस अमियांड हे इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज याचे शल्यविशारद. ६ डिसेंबर १७३५ रोजी लंडनच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलमध्ये त्यांनी अकरा वर्षांच्या एका मुलावर शस्त्रक्रिया केली. मुलाला उजव्या बाजूचा जुना हर्निया होता आणि मांडीजवळच्या नासुरातून सतत घाण वाहत होती. हर्नियाची पिशवी उघडली तर आत अपेंडिक्स, आणि त्याला आरपार भोसकून बसलेली, खड्यासारखी पुटे चढलेली एक टाचणी! मुलाने ती कधीतरी गिळली असणार. अमियांड यांनी अपेंडिक्स बांधून कापले. ईथरची भूल यायला अजून शंभरहून अधिक वर्षे होती. मुलाने सुमारे अर्धा तास त्या वेदना शुद्धीत सोसल्या. तो वाचला. अपेंडिक्स काढल्याची ही पहिली नोंद.

१७५९ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथे शल्यविशारद मेस्तिविए यांच्यापुढे असाच रुग्ण आला. त्यांनी पोटावरची गाठ फोडून पू काढला, तरी रुग्ण दगावला. शवविच्छेदनात अपेंडिक्समध्ये टाचणीच सापडली. पू निघाला होता, मूळ आतच राहिले होते.

अशा दुखण्याचे मूळ अपेंडिक्समध्ये असते, हे बोस्टनचे डॉक्टर रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ मध्ये ठामपणे मांडले आणि दुखणे वेळीच ओळखून शस्त्रक्रिया करण्याचा आग्रह धरला. तोवर चेरीच्या किंवा द्राक्षाच्या बियांवर खापर फोडले जाई. प्रत्यक्षात त्यांतल्या अनेक ‘बिया’ म्हणजे घट्ट झालेल्या मळाचे खडे होते. बाहेरच्या वस्तूमुळे होणारा अपेंडिसायटिस, म्हणजे अपेंडिक्सची सूज, दुर्मीळच.

गिळलेल्या बहुतेक वस्तू शौचावाटे निघून जातात. अणकुचीदार वस्तू मात्र मोठ्या आतड्याच्या तोंडाशी रेंगाळून अपेंडिक्समध्ये शिरली, तर सहसा परत येत नाही. ती जठरात असेपर्यंत दुर्बीण घालून काढता येते. एकदा अपेंडिक्समध्ये रुतली की प्रतिजैविकांनी सूज ओसरेल, टाचणी विरघळणार नाही. अपेंडिक्सच काढावे लागते. डॉक्टर कुर्ट झेम यांनी १९८० मध्ये जर्मनीत ते प्रथम दुर्बिणीतून काढले, आणि आता तीच रीत रुळली आहे.

साडी नेसताना, शिवणकाम करताना टाचणी ओठांत धरायची सवय घरोघरी आहे. ती मोडा. आणि टाचणी गिळली गेलीच, तर केळी खाऊन वाट पाहत बसू नका; लगेच रुग्णालय गाठून एक्स-रे काढून घ्या.