कोच किती जिंकून देतो? चंदू पंडित, विदर्भ आणि पांढरकवड्याचा अक्षय

रात्री उशिरा प्रीमियर लीगची मॅच संपली की व्हॉट्सॲप ग्रुपवर एक भांडण हमखास सुरू होतं. एक जण म्हणतो, गार्डिओला नसता तर सिटीचं काही खरं नव्हतं. दुसरा म्हणतो, "कोच काय मैदानात उतरते का बे? एवढा पैसा ओतला तर कोणीही जिंकते." आज हेच भांडण मी आपल्या विदर्भात आणणार आहे.

आधी लेस्टर सिटीची आठवण काढू. २०१५-१६ च्या सीझनआधी या टीमवर सट्टेबाज ५००० ला १ असा भाव देत होते. क्लॉडिओ रानिएरी मॅनेजर होते, आणि लेस्टर चॅम्पियन झालं. जगभर त्यांचा जयजयकार झाला. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याच क्लबने त्यांना घरी पाठवलं. टीम बरीचशी तीच होती, फक्त कांते चेल्सीला गेला होता. मग नऊ महिन्यांत रानिएरींची अक्कल कुठे गेली? की आधी सगळं श्रेय त्यांना देण्यातच आपली घाई झाली?

हाच प्रश्न आपल्याकडे विचारायचा तर एक नाव समोर येतं, चंद्रकांत पंडित. मुंबईचा विकेटकीपर, भारताकडून ५ टेस्ट आणि ३६ वनडे. पण खरं नाव झालं ते कोच म्हणून. मुंबईला २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ मध्ये रणजी करंडक. विदर्भाला २०१७-१८ आणि २०१८-१९ मध्ये. मध्य प्रदेशला २०२१-२२ मध्ये. तीन टीम, सहा करंडक.

आता यातलं मुंबईचं खातं जरा बाजूला ठेवू. मुंबईने पंडितांसोबत आणि पंडितांशिवाय मिळून ढीगभर वेळा रणजी जिंकलीय. तिथं कोचचा वाटा मोजणं अवघड. श्रीमंत फुटबॉल क्लबांचंही तसंच असतं.

पण विदर्भ? आपण १९५७-५८ पासून रणजी खेळतोय. साठ वर्षं करंडक नाही. पंडित आले आणि पहिल्याच सीझनमध्ये, १ जानेवारी २०१८ ला, इंदूरमध्ये दिल्लीला ९ विकेटनी हरवून आपण चॅम्पियन! रजनीश गुरबानीची हॅटट्रिक त्याच फायनलमधली. पुढच्या वर्षी सौराष्ट्राला ७८ रननी हरवून पुन्हा करंडक आपल्याकडे. मध्य प्रदेशचंही तसंच. १९९८-९९ ची फायनल पंडित कॅप्टन असताना ते बंगळुरूत हरले होते. २०२२ मध्ये त्याच चिन्नास्वामीवर मुंबईला हरवून त्यांनी पहिला रणजी करंडक घेतला. तेव्हा आवेश खान आणि वेंकटेश अय्यर भारतीय टीमबरोबर होते, म्हणजे हाताशी स्टारही कमीच. याला नुसतं नशीब म्हणणं मला पटत नाही.

आता दुसरी बाजू ऐका. पंडित यायच्या आधीच, पारस म्हांब्रे कोच असताना, २०१४-१५ आणि २०१५-१६ असे लागोपाठ दोन सीझन विदर्भ क्वार्टर फायनलपर्यंत गेला होता. जामठ्याचं स्टेडियम उभं होतं, ॲकॅडमी सुरू होती. गणेश सतीश आला होता, वासिम जाफर आला होता. फास्ट बोलरांवर सुब्रतो बॅनर्जी मेहनत घेत होते. म्हणजे नांगरणी झाली होती, पेरणी झाली होती. पीक कापणीच्या वेळी पंडित शेतावर आले, असं कुणी म्हटलं तर ते सगळंच खोटं नाही.

आणि २०१९-२० मध्ये काय झालं? कोच तेच, पोरंही बरीचशी तीच. विदर्भ नॉकआउटलासुद्धा पोहोचला नाही.

आयपीएलमध्ये तर गोंधळ आणखी वाढतो. कोलकात्याचे कोच म्हणून २०२३ मध्ये पंडित सातव्या नंबरवर राहिले. २०२४ मध्ये गौतम गंभीर मेंटॉर म्हणून आला, करंडक मिळाला आणि जवळजवळ सगळं श्रेय गंभीरला गेलं. २०२५ मध्ये गंभीर नव्हता, टीम आठवी आली आणि पंडितांनी जागा सोडली. त्यांच्या कडक शिस्तीबद्दल तिथं खेळलेला डेव्हिड विसा नंतर बोलला, की परदेशी खेळाडूंना ती रुचली नाही. रणजीत पंडितांचं कौतुक होतं ते याच शिस्तीसाठी. बावीस वर्षांच्या पोराला जी शिस्त घडवते, तीच जगभर खेळून आलेल्या माणसाला जाच वाटू शकते. कोच किती चांगला, या प्रश्नात "कुणासाठी?" हा प्रश्न लपलेला असतो, तो असा.

मग कोचला मोजायचं कसं? मी बघतो तो गेल्यावर काय उरतं ते. २०२४ च्या सेमीफायनलमध्ये विदर्भाने नागपुरात पंडितांच्याच मध्य प्रदेशला ६२ रननी हरवलं. २०२५ मध्ये उस्मान घनी कोच असताना, अक्षय वाडकरच्या कॅप्टनशिपमध्ये, केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या आघाडीवर तिसरी रणजी जिंकली. हर्ष दुबेने त्या सीझनमध्ये ६९ विकेट घेतल्या, रणजीतला नवा रेकॉर्ड. काही जण म्हणतील, बघा, पंडितांशिवायही जमतं. मला वाटतं, "आपण जिंकू शकतो" हे आधी दोनदा घडल्यामुळेच ते सोपं झालं. पण मशागत चालू राहिली नसती तर ते नुसतं वाटून काही झालं नसतं.

आणि मशागत कुठे होते ते बघायला आपल्या जिल्ह्यात या. नागपूर-हैदराबाद हायवेवरचं पांढरकवडा. तिथला अक्षय कर्णेवार. दोन्ही हातांनी स्पिन टाकणारा! पोरगा दोन्ही हात सहज वापरतो हे लहानपणी त्याच्या कोचच्या नजरेला पडलं, आणि दुसऱ्या हातानंही टाकून बघ, असं त्यांनी सुचवलं. पुढं सौराष्ट्राविरुद्धच्या फायनलमध्ये अक्षयने नाबाद ७३ केले, इराणी करंडकात शतक ठोकलं. तेव्हा कोच पंडित होते, त्यांनी भरवसा दाखवला हे मान्यच. नोव्हेंबर २०२१ मध्ये मणिपूरविरुद्ध टी-ट्वेंटीत त्याने चार ओव्हर टाकल्या, चारही मेडन, दोन विकेट. असं तोवर कुणीच केलं नव्हतं.

पण तो दुसरा हात कुणी शोधला? सहा करंडकवाल्या कोचने नाही.

म्हणून माझं मत सांगतो. पंडित मोठे कोच आहेत. तयार असलेल्या टीमला शेवटचा उंबरठा ओलांडायला लावणं थोड्यांनाच जमतं. पण यवतमाळ, वणी, पुसदच्या एखाद्या पोराला आज मैदानावर त्यांची वाट बघायची गरज नाही. त्याला आधी लागतो तो रोज संध्याकाळी मैदानावर येणारा, बारीक नजरेचा माणूस. त्या माणसाला मानधन किती मिळतं, त्याच्याकडे नेट आहे का, चेंडू आहेत का, यावर आपण गार्डिओलाइतकं नाही, निदान त्याच्या निम्म्यानं तरी भांडू या.

तुमच्या गावात असा माणूस असेल तर त्याच्याबद्दल मला व्हॉइस नोट पाठवा. आणि माझं पटलं नसेल तर तीही पाठवा. भेटू पुढच्या भागात!