तुरा कशासाठी? एका हाडाची आणि एका अनुमानाची गोष्ट

आज आपण विज्ञानाच्या इतिहासातला एक छोटा प्रसंग घेऊ. त्यात 'कशासाठी?' हा तत्त्वज्ञानाचा जुना प्रश्न दडलेला आहे.

1922 साली विल्यम पार्क्स यांनी कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात सापडलेल्या एका शाकाहारी डायनासोरला पॅरासॉरोलोफस हे नाव दिलं. त्याच्या डोक्यावरून मागे गेलेला हाडाचा लांब, पोकळ तुरा. नाकपुडीतून निघालेली नळी तुऱ्याच्या टोकापर्यंत जाते, वळते आणि परत खाली येते. आता हे कशासाठी?

त्या काळी हे प्राणी बराच वेळ पाण्यात राहत असं समजलं जाई. म्हणून कोणी म्हणालं, बुडी मारल्यावर श्वास घ्यायची ही नळी. पण बघा, तुऱ्याच्या टोकाला भोकच नाही! मग म्हणाले, हवा साठवायची टाकी. पण एवढ्या अवाढव्य देहाला तेवढी हवा कितीशी पुरणार?

म्हणजे काय, तर अवयवाचा उपयोग खाणं, श्वास घेणं, लढणं एवढाच धरला जात होता. दुसऱ्याला दिसणं, ऐकू जाणं हाही उपयोग असतो, हे डार्विनने मोराच्या पिसाऱ्याबद्दल 1871 मध्येच सांगितलं होतं.

1975 साली जेम्स हॉप्सन यांनी हे तुरे दिसण्यासाठी आणि आवाजासाठी होते असं मांडलं. त्याच वर्षी पीटर डॉडसन यांनी याच कुळातल्या इतर तुरेवाल्यांच्या कवट्या मोजल्या. छोट्या तुऱ्यांच्या ज्या कवट्यांना वेगळी नावं मिळाली होती, त्यातल्या बऱ्याच निव्वळ पिल्लांच्या निघाल्या. तुरा वयाबरोबर वाढत होता. श्वासासाठी असता तर पिल्लालाही तो लागलाच असता. 1981 मध्ये डेव्हिड वाइशॅम्पेल यांनी ती नळी वाद्यासारखी घुमू शकते हे दाखवलं. प्रौढाचा आवाज खर्जातला, लांबवर पोचणारा.

मग प्रश्न सुटला? अर्धाच. संकेत म्हटला की तो ओळखणारा आला, आणि तो तर नाहीसा झालाय. तुरा जोडीदारासाठी, प्रतिस्पर्ध्यासाठी की स्वजातीची ओळख पटावी म्हणून, यावर अजून वाद आहे.

आपले नैयायिक धुरावरून अग्नीचं अनुमान करतात, कारण स्वयंपाकघरात दोन्ही एकत्र पाहिलेले असतात. इथे तुरा आणि त्याला मिळालेला प्रतिसाद एकत्र कुणीच पाहिलेला नाही. आपलं स्वयंपाकघर म्हणजे आजचे पक्षी आणि मगरी, डायनासोरांचे जिवंत नातेवाईक. त्यांच्यावरून 'असावं' म्हणता येतं. 'होतं' म्हणायला आणखी काय लागेल, ते पुढच्या व्याख्यानात पाहू.