‘मा रेवा’ : एक रॉक गीत, एक नदी आणि नंदुरबारचा बुडालेला काठ

१/ मार्च २००० मध्ये दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडचा ‘कंदिसा’ हा अल्बम प्रसिद्ध झाला. त्यात ‘मा रेवा’ नावाचे एक गीत आहे. गिटार, बास, ड्रम्स आणि तबला यांच्या साथीने गायलेले, निमाडी वळणाच्या बोलीतले ते नदीचे भजन आहे. महाविद्यालयीन महोत्सवांत ते आजही ऐकू येते. मात्र ज्या नदीला ते उद्देशून आहे, तिचा महाराष्ट्रातला एकमेव काठ नंदुरबार जिल्ह्यात आहे आणि गीत प्रसिद्ध झाले त्या काळात तोच काठ पाण्याखाली जात होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. हा थ्रेड त्या दोहोंचा.

२/ प्रथम भूगोल. अमरकंटकला उगम पावून अरबी समुद्राला मिळेपर्यंत नर्मदा सुमारे १,३१२ किलोमीटर वाहते. त्यातले जेमतेम ५४ किलोमीटर ती महाराष्ट्राला स्पर्श करते, तेही राज्याची सीमा म्हणून. दक्षिण काठावर सातपुड्याच्या कुशीत अक्राणी (धडगाव) आणि अक्कलकुवा हे दोन तालुके आहेत. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे.

३/ ‘रेवा’ हे नर्मदेचेच जुने नाव. संस्कृतातील ‘रेव्’ म्हणजे उड्या घेणे. खडकांवरून उसळत जाणाऱ्या नदीला ते शोभते. ‘नर्मदा’ म्हणजे सुख देणारी. स्कंदपुराणाच्या परंपरेत ‘रेवाखंड’ नावाचा स्वतंत्र भाग तिच्या तीर्थांचे माहात्म्य सांगतो. गंगेत स्नान केल्याने जे पुण्य मिळते, ते नर्मदेच्या केवळ दर्शनाने मिळते, अशी लोकश्रद्धा आहे. नदीला सतत उजव्या हाताला ठेवून, तिचे पात्र न ओलांडता, ३ वर्षे, ३ महिने आणि १३ दिवसांची पायी परिक्रमा करण्याची प्रथा याच श्रद्धेतून आली. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुण्या एकाची भ्रमणगाथा’मुळे ती मराठी वाचकांच्या घरोघरी पोहोचली.

४/ या परिक्रमेतला सर्वांत धास्तीचा टप्पा म्हणजे शूलपाणीची झाडी. तिचा मोठा भाग आजच्या नंदुरबार जिल्ह्यात येतो. येथे भिल्ल ‘मामा’ यात्रेकरूंना लुटत आणि अंगावरच्या लंगोटीनिशी पुढे सोडत, असे परिक्रमावासी सांगत आले. लुबाडणूक झाली तरी ती मैयानेच घेतलेली परीक्षा मानायची, हा संकेत होता. याच टापूत, अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली गावी, शूलपाणेश्वराचे प्राचीन मंदिर होते.

५/ परंतु या काठावर नदीशी नाते सांगणारे केवळ यात्रेकरू नव्हते. वसावे, तडवी, पावरा, भिलाला अशा अनेक आदिवासी समूहांची वस्ती दोन्ही तीरांवर होती. त्यांच्यासाठी नर्मदा तीर्थ होण्याआधी मासे, गाळाची जमीन, गुरांचे पाणी आणि पलीकडच्या सोयऱ्यांकडे जाण्याची वाट होती. समोरच्या काठावरील भिलालांच्या ‘गायणा’ या सृष्टिकथेत नर्मदेची स्वतःची गाथा आहे. समाजशास्त्रज्ञ अमिता बाविस्कर यांच्या अभ्यासात तिची नोंद सापडते. ती पुराणातली रेवा नव्हे; ती याच डोंगरांची नदी आहे.

६/ आता धरण. ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते गुजरातमध्ये नर्मदा प्रकल्पाची पायाभरणी झाली. राज्यांमधील वाद लवादाकडे गेला आणि १९७९ मध्ये अंतिम निवाडा आला. सरदार सरोवराच्या विजेपैकी मध्य प्रदेशाला ५७, महाराष्ट्राला २७ आणि गुजरातला १६ टक्के वाटा ठरला. बुडीत क्षेत्रात तीन राज्यांची मिळून २४५ गावे येणार होती. त्यांपैकी १९३ मध्य प्रदेशातली, १९ गुजरातमधली आणि ३३ महाराष्ट्रातली. ही ३३ गावे म्हणजे अक्राणीतील २४ आणि अक्कलकुव्यातील ९.

७/ १९८५ पासून मेधा पाटकर यांनी या गावांत काम सुरू केले. १९८६ मध्ये महाराष्ट्राच्या बाजूला नर्मदा धरणग्रस्त समिती उभी राहिली आणि पुढे तिन्ही राज्यांतील संघटना मिळून नर्मदा बचाव आंदोलन आकाराला आले. धरणाच्या भिंतीला सर्वांत जवळचे महाराष्ट्रातले गाव मणिबेली. १९९१ च्या पावसाळ्यात तेथे सत्याग्रह झाला. बुडू, पण हटणार नाही, या अर्थाची घोषणा या पावसाळी सत्याग्रहांची ओळख ठरली.

८/ मणिबेलीचे नाव लवकरच जगभर पोहोचले. जागतिक बँकेने १९८५ मध्ये या प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. बँकेनेच नेमलेल्या स्वतंत्र मोर्स समितीने जून १९९२ मध्ये पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींत प्रकल्पावर कठोर ठपका ठेवला. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उर्वरित कर्ज नाकारले. १९९४ मध्ये जगभरातील संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेने पैसा देऊ नये, अशी मागणी करणारे जे निवेदन काढले, त्याचे नावच ‘मणिबेली जाहीरनामा’ होते.

९/ याच वर्षांत राहुल राम नावाचा तरुण आंदोलनात काम करत होता. त्याने अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती. दुसरीकडे तो दिल्लीच्या एका नवख्या बँडमध्ये बास वाजवू लागला होता. सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी १९९० मध्ये सुरू केलेला तो बँड म्हणजे ‘इंडियन ओशन’. पुढे अमित किलम ड्रम्सवर आला. ‘मा रेवा’ हे पारंपरिक गीत राहुल रामने नर्मदेच्या खोऱ्यातच ऐकले आणि बँडपर्यंत आणले.

१०/ येथे एक खुलासा आवश्यक आहे. गीताची बोली निमाडकडची, म्हणजे मध्य प्रदेशातील सपाटीच्या शेतकरी पट्ट्याची आहे. सातपुड्याच्या डोंगरांतली पावरी किंवा भिली नव्हे. त्यामुळे ‘हे नंदुरबारचे गीत’ असे म्हणणे चूक ठरेल. मात्र ज्या आंदोलनातून ते शहरात पोहोचले, त्यात निमाडचा पाटीदार शेतकरी आणि अक्राणीचा आदिवासी एकाच नदीच्या नावाने एकत्र आले होते. दोघांची बोली वेगळी, देव वेगळे, जमिनीचा पोतही वेगळा. ‘रेवा माय’ हा त्यांच्यातला सामाईक शब्द होता.

११/ गीताचा आशय अगदी साधा आहे. नदीला आई म्हणून हाक, तिच्या निर्मळ, खळाळत्या पाण्याचे कौतुक, अमरकंटकच्या उगमाचे स्मरण आणि लोकांच्या भक्तीचा उल्लेख. धरण नाही, सरकार नाही, घोषणा नाही. बँडने त्यात निषेधाचा शब्द घुसवला नाही. बासची ठेकेदार चाल, तबला आणि ड्रम्स यांची सांगड आणि गिटार यांतून केवळ वाहण्याची गती वाढवली. शहरातला श्रोता त्यावर नाचतो आणि नकळत एका भजनात सामील होतो.

१२/ अल्बममधली शेजारची गीते पाहिली की ही निवड योगायोगाची वाटत नाही. ‘कंदिसा’ हे शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिश्चन परंपरेतील अरामी भाषेतले स्तोत्र आहे. ‘हिल्ले ले’ ही क्रांतिकारी कवी गोरख पांडे यांची रचना. प्रार्थना आणि प्रतिकार एकाच तबकडीवर नांदतात. कोणती प्रार्थना आणि कोणता प्रतिकार, हे श्रोत्यावर सोडलेले आहे.

१३/ हिंदू भक्तीने प्रेरित रॉक गीत म्हटले की जगाला आठवते जॉर्ज हॅरिसनचे १९७० मधील ‘माय स्वीट लॉर्ड’. त्यात ‘हरे कृष्ण’ नामघोष येतो आणि देवाच्या दर्शनाची एका व्यक्तीची आस आहे. तेथे देव दूर आहे आणि भक्त वाट पाहतो. ‘मा रेवा’मध्ये देवता समोरच आहे, रोज तिच्यात भांडी घासली जातात, गुरे धुतली जातात. येथे आस दर्शनाची नाही. ती वाहती राहावी, एवढीच आहे. सुखाच्या काळात ती स्तुती असते. धरणाच्या काळात ती विनवणी होते.

१४/ ‘कंदिसा’ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, १८ ऑक्टोबर २००० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढवण्यास परवानगी दिली. आदल्या वर्षीच अक्राणीच्या डोमखेडीत सत्याग्रही वाढत्या पाण्यात उभे राहिले होते. मणिबेलीचे शूलपाणेश्वर मंदिर तोवर जलाशयात गेले होते. देवाची नवी प्रतिष्ठापना गुजरातमध्ये गोरा येथे झाली. देवाचे पुनर्वसन झाले. माणसांच्या पुनर्वसनाचा वाद मात्र पुढेही अनेक वर्षे चालू राहिला.

१५/ कथा येथेच संपवली तर ती अर्धी राहील. धरण पूर्ण उंचीचे झाल्यावर १७ सप्टेंबर २०१७ रोजी त्याचे लोकार्पण झाले. सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत भरला, तेव्हा गुजरातमध्ये नर्मदेच्या पूजनाचा महोत्सव झाला. कच्छ आणि सौराष्ट्रातल्या कोरड्या गावांत नळाला आलेले पाणीही ‘नर्मदा मैया’चाच प्रसाद मानले गेले. त्या गावांची तहान खोटी नव्हती आणि त्यांची भक्तीही नाही.

१६/ म्हणजे एकच देवता, एकच ‘आई’ हा शब्द. पण एका काठावर प्रार्थना नदी वाहती राहण्याची, दुसरीकडे ती अडवून घरी येण्याची. पर्यावरणाच्या चळवळींनी धार्मिक प्रतिमा वापरावी का, यावर अभ्यासकांत वाद आहे. धर्माची भाषा पुढे कोणाच्या हाती जाईल हे सांगता येत नाही, हा त्यातला महत्त्वाचा आक्षेप. शिवाय ‘हिंदू’ या एका शब्दात सातपुड्यातल्या आदिवासींचे नदीशी असलेले नाते पुरते सामावत नाही. ‘मा रेवा’ ऐकताना या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवणे इष्ट.

१७/ आज नंदुरबारच्या काठावर नर्मदा खळाळत नाही. सुमारे २१४ किलोमीटर लांबीच्या जलाशयाचे ते संथ, खोल पाणी आहे. काही कुटुंबे तळोद्याकडच्या वनजमिनीवर उभारलेल्या वसाहतींत गेली. काही डोंगरात वर सरकून तिथेच राहिली. त्यांच्यासाठी बोट हाच रस्ता आणि पाण्यावर तरंगणारा दवाखाना हाच आधार. १९९० च्या दशकाच्या आरंभी चिमलखेडीसारख्या गावांत आंदोलनाने सुरू केलेल्या जीवनशाळांतून आदिवासी मुलांची पिढी शिकून बाहेर पडली.

१८/ इतिहासाची साधने केवळ दप्तरात नसतात. लवादाचा निवाडा किती गावे बुडतील हे सांगतो, न्यायालयाचा निकाल किती मीटर बांधायचे हे सांगतो. धरणापूर्वी नदीचा आवाज कसा होता, तिला माणसे कोणत्या शब्दाने हाक मारत, हे या कागदांत नाही. ते एका भजनात उरले आणि चार शहरी वादकांमुळे ध्वनिमुद्रित झाले. पुढच्या वेळी ‘मा रेवा’ लागेल तेव्हा नकाशावर अक्राणी आणि अक्कलकुवा शोधावेत. गीतातले पाणी अजून वाहते आहे. नकाशावरचे थांबलेले आहे.