पोळ्यापासून पेटीपर्यंत : महाबळेश्वरच्या मधाचा मागोवा

महाबळेश्वरचा इतिहास सांगायला बसले की तो बहुधा बंगल्यांपासून सुरू होतो. १८२४ मध्ये साताऱ्याचा लष्करी अधिकारी लॉडविक हा डोंगर चढून वर आला. पुढे गव्हर्नर माल्कमला आजारी गोऱ्या शिपायांसाठी थंड हवेची जागा हवी झाली. १८२९ च्या तहाने छत्रपती प्रतापसिंहांनी हा मुलूख कंपनीला दिला आणि मोबदल्यात वाई भागातले खंडाळा गाव घेतले. माल्कम पेठ वसली, तुरुंग आला, चिनी कैद्यांनी भाज्यांचे मळे केले, पॉइंटांना साहेबांची नावे पडली. १८८५ च्या सातारा गॅझेटिअरपासून आजच्या मार्गदर्शक पुस्तिकांपर्यंत हाच क्रम चालत आला आहे.

या सगळ्या हकिकतीत महाबळेश्वर म्हणजे वरून आलेल्यांची उन्हाळी जागा. मी राहतो सांगलीच्या विश्रामबागेत. आमच्या गावाला वळसा घालणारी कृष्णा याच डोंगरात उगम पावते, त्यामुळे तिच्या उगमाकडचे जुने कागद आणि पुस्तके वाचण्याची मला सवय आहे. वाचताना एक प्रश्न सतत पुढे येत राहिला. साहेब एप्रिल-मे गाठून हवा खायला येत, त्या दोन महिन्यांत इथल्या कोळी, कुळवाडी, धावड, धनगर माणसांचे रानात काय चालले असे? या प्रश्नाच्या उत्तरात मधाला मोठी जागा आहे.

फाल्गुन-चैत्रापासून या पठारावर जांभूळ फुलतो, पाठोपाठ हिरडा आणि गेळा. पाऊस यायच्या आधी माशीची कोठारे भरतात. पर्यटकांचा हंगाम आणि मधाचा हंगाम असे एकमेकांवर येतात. पावसाळ्यात सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळू लागला की बंगले बंद होतात आणि माशीचेही बाहेर पडणे जवळजवळ थांबते. पुढे भाद्रपद-आश्विनात, सात-आठ वर्षांतून एकदा, कारवीला बहर येतो आणि त्या वर्षी मधाचा रंग आणि दाटपणा वेगळा असतो. कारवीच्या काठ्यांचे कूड बांधून त्यावर शेणमातीचा गिलावा देणाऱ्या लोकांना हे वर्ष लक्षात ठेवावेच लागे.

जुन्या काळी मध पाळला जात नसे, काढला जाई. डोंगरात तीन माश्या मुख्य. आग्या माशी उंच झाडाला किंवा कड्याला एकच मोठे उघडे पोळे लटकवते. फुलोरी लहान, झुडपाच्या फांदीवर बसणारी. तिसरी सातेरी. ती झाडाच्या ढोलीत, खडकाच्या कपारीत, वारुळात, म्हणजे अंधारात राहते आणि एकाशेजारी एक समांतर पोळी बांधते. मध काढणारा धूर करून किंवा पेटता चूड दाखवून माश्या उठवी, पोळे कापी आणि पिळून घेई. त्या पिळण्यात मधाबरोबर अंडी, अळ्या, परागही चेंगरत. वसाहत उद्ध्वस्त होई. मेण बांधायला माशीला कित्येक पट मध खर्चावा लागतो, म्हणजे पोळे गेले की तिचे खरे भांडवलच गेले. तरीही काढणाऱ्याला दोष देता येत नाही; त्याच्या हाती दुसरे साधनच नव्हते.

हे साधन मिळाले ते एका मापातून. १८५१ मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथच्या ध्यानात आले की माशी पोळ्यांमध्ये ठरावीक फट मोकळी सोडते. तेवढीच जागा ठेवून पेटीत चौकटी लावल्या तर ती त्या चिकटवून टाकत नाही. मग चौकट सुटी बाहेर काढता येते, यंत्रात फिरवून मध घेता येतो आणि पोळे तसेच परत ठेवता येते. पण ही पेटी युरोपीय माशीच्या मापाची. आपली सातेरी अंगाने लहान. तिला बेतलेली पेटी १९१० च्या दशकात तिरुचिरापल्लीकडे फादर न्यूटन या जेझुइट धर्मगुरूने तयार केली. खाली पिल्लांची कोठी आणि वर मधाची कोठी, अशी ही रचना पुढे देशभर गेली. १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि मधमाशीपालन ग्रामोद्योगांच्या यादीत आले. डोंगरात मोहोळ शोधणाऱ्या माणसाकडे आता पेटी पोहोचण्याचा मार्ग तयार झाला.

महाबळेश्वरची या प्रवासातली कामगिरी मोठी आहे. इथे मधमाशीची प्रयोगशाळा चालली आणि १९५३ मध्ये देवडीकर व ठाकर यांनी महाबळेश्वरच्या डोंगरातल्या मध देणाऱ्या प्रमुख वनस्पतींच्या परागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इतिहासाच्या अभ्यासकाला या कामाचे महत्त्व वेगळे वाटावे. मधाच्या थेंबात परागकण असतात. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक वनस्पतीचा कण ओळखता येतो. म्हणजे भरलेली बरणी ही त्या वर्षीच्या रानाची नोंदवहीच असते. गावात कागद नव्हते, पण माशी कोणत्या झाडावर गेली होती याचा पुरावा राहिला. पुढे १९६२ मध्ये पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू झाली. महाबळेश्वरला मध संचालनालय आहे आणि मध उत्पादकांची सहकारी संस्था ‘मधुसागर’ नावाने ओळखली जाते. २०२२ च्या मे महिन्यात महाबळेश्वरजवळचे मांघर हे देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले.

या वाटचालीत एक मोठे संकट आले. १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतात ‘थाई सॅकब्रूड’ या विषाणूजन्य रोगाने सातेरीच्या बहुसंख्य वसाहती बुडवल्या. अळी कोषात जाण्याआधीच पाणी भरलेल्या पिशवीसारखी होऊन मरते. १९६२ नंतर कांगड्यात रुजलेली युरोपीय माशी तेव्हा अनेकांना सोयीची वाटू लागली, कारण तिचा उतारा जास्त. पण सह्याद्रीच्या पावसाला आणि रानाला सरावलेली माशी सातेरीच.

आज महाबळेश्वरला येणारा पाहुणा पेट्या बघायला जातो, चौकट हातात धरून फोटो काढतो. कोणी जुन्या पायवाटांवरून भटकतो, कोणी धावतो. साताऱ्याला तर २०१२ पासून यवतेश्वर-कासच्या घाटरस्त्यावर अर्धमॅरेथॉन भरते. यात वाईट काही नाही. पार घाटाच्या आणि मधु-मकरंदगडाकडच्या वाटा मीठ, धान्य आणि निरोप घेऊन जाणाऱ्या पायांनी पाडल्या; त्या पुन्हा वापरात आल्या तर चांगलेच. माझी हरकत इतकीच की उन्हाळी उपक्रमाच्या पत्रकात मध आला की त्यामागचे रान मागे पडते.

सातेरी साधारण एक-दीड किलोमीटरच्या टापूतच फिरते. त्या टापूत जांभूळ, हिरडा, गेळा, कारवी राहिली तर पेटी भरते. तोड झाली, फवारणी वाढली की रंगवलेली पेटीसुद्धा रिकामीच राहते. २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला, तेव्हा बांधकामांवर मर्यादा आल्या. गावकऱ्यांना त्या जाचक वाटतात, आणि जमिनीवर पोट असणाऱ्याचे ते वाटणे समजण्यासारखे आहे. मध हा या दोघांना जोडणारा धागा होऊ शकतो, कारण त्याचे उत्पन्न उभ्या झाडातून येते. स्ट्रॉबेरीच्या मळ्यालाही परागीभवनासाठी हीच माशी लागते.

महाबळेश्वरचा इतिहास पुन्हा लिहायचा तर माल्कम आणि लॉडविक यांना काढून टाकण्याची गरज नाही. त्यांच्या शेजारी ढोलीत हात घालून सातेरीचे मोहोळ पेटीत बसवणाऱ्या डोंगरी माणसाला जागा द्यावी लागेल. साहेबाने पॉइंटांना नावे दिली. या माणसाला त्या पॉइंटांखालच्या रानातले कोणते झाड कोणत्या महिन्यात फुलते हे ठाऊक होते, आणि मधाचा धंदा आजही त्याच्या त्या ज्ञानावर उभा आहे.