मिरजेची रुग्णसेवा आणि आपला देव्हारा

बेळगांव-निपाणीकडील दुखणेकऱ्याला मिरजेस नेण्याचा परिपाठ जुना आहे. त्या मिरजेत डॉ. विल्यम वानलेस या प्रेस्बिटेरियन मिशनच्या शल्यवैद्यांनी १८९४ साली रुग्णालय उभारले, १८९७ मध्ये वैद्यकीय शाळा काढली. पुढे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधामही झाले. शस्त्र हाती घेण्यापूर्वी ते प्रार्थना करीत. प्रार्थना आणि काम ही त्यांच्या लेखी एकच उपासना होती.

त्यांचा हेतू धर्मप्रसाराचाही होता, हे नाकारणे सत्याशी प्रतारणा होईल. त्या हेतूशी वाद घालण्याचा अधिकार आपणांस आहेच. परंतु न्यायनिवाड्यात हेतू आणि कृती यांचा विचार पृथक् करावा लागतो. आणि कृतीच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे.

कर्मातच देव पाहण्याची शिकवण आपल्याला नवी नव्हे. सावता माळ्यांना विठ्ठल अरणच्या मळ्यातच भेटला. नवी होती ती त्या भक्तीला रुग्णशय्या, हिशोब आणि शिष्यपरंपरा यांची शिस्त लावणारी संस्था. म्हणून उत्सव आटोपल्यावर दानपेटीतील शिल्लक कोणाच्या दुःखाला लागते, हा प्रश्न मिशनला नव्हे, आपल्या देवस्थानांच्या विश्वस्तांना विचारावयाचा आहे.