कोणते शाहपूर?

'आमचे पूर्वज पेशव्यांच्या फौजेबरोबर आले' हे वाक्य शाहपूर-बऱ्हाणपूर भागातील आपल्या अनेक घरांतून ऐकू येते. ते खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. मात्र फौज कोणती, साल कोणते आणि त्यापूर्वीचे गाव कोणते, असे विचारले की वडीलधारी मंडळी बहुधा गप्प होतात. कुलवृत्तान्तास हात घालणाऱ्याने फौजेपासून नव्हे, आपल्या आजोबांपासून उलट्या पावली निघावे.

याचे कारण आपल्या मुलखाच्या इतिहासातच आहे. उदगीरच्या विजयानंतर १७६० मध्ये बऱ्हाणपूर व असीरगड निजामाकडून पेशव्यांकडे आले. १७७८ मध्ये बऱ्हाणपूर शिंद्यांकडे गेले. १८०३ मध्ये ते इंग्रजांनी घेतले, पण त्याच वर्षीच्या तहाने शिंद्यांस परत दिले. कायमचा इंग्रजी अंमल बसला तो १८६० साली. सरहद्दीपलीकडचे रावेर, सावदे मात्र १८१८ पासूनच खानदेश जिल्ह्यात, म्हणजे मुंबई इलाख्यात. तेव्हा या बेचाळीस वर्षांत दोन चुलतभाऊ दहा-पंधरा कोसांवर राहत असले, तरी एक इंग्रजांची रयत आणि दुसरा शिंद्यांची! एकाचे कागद धुळ्याच्या कचेरीच्या वाटेने गेले, दुसऱ्याचे ग्वाल्हेर दरबाराच्या. १९०६ साली खानदेशाचे दोन भाग होऊन रावेर पूर्व खानदेशात, जळगावाखाली आले. आपल्याकडे बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला तो २००३ मध्ये. तोवर जिल्ह्याचे ठाणे खंडवा. म्हणून जमिनीचा पुरावा पाहताना तिकडे सातबारा व त्याचे जुने फेरफार मागावे, इकडे खसरा व बंदोबस्ताची मिसल. एकाच बाजूची कागदपत्रे पाहून 'घराणे येथे संपले' असा निष्कर्ष काढणे धोक्याचे.

दुसरा धोका गावाच्या नावाचा. शाहपूर बैतुल जिल्ह्यात आहे, शहापूर ठाणे जिल्ह्यात आहे, बेळगावास लागून असलेले शहापूर एके काळी सांगली संस्थानाचे होते. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, आणि 'मौजे शाहापुर' एवढ्यावरून परगणा कळत नाही. त्यात पाटील, चौधरी, देशपांडे ही आडनावे हुद्द्यांची. ती गावोगाव सापडणारच. परगण्याचे नाव दिसल्याखेरीज कागद आपला मानू नये. उत्साहाच्या भरात परक्याचा पणजोबा आपल्या वंशवृक्षावर चढविला, तर तो पुढच्या पिढीस उतरविता येत नाही.

घरातील मोडी रुमाल सोडताना घाई करू नये. त्यांवरील साल पुष्कळदा अरबी शब्दांत असते. 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे तीन, सत्तर, शंभर व हजार, मिळून शुहूर सन ११७३. त्यात ५९९ वा ६०० मिळवावे. इसवी सन १७७२-७३ येतो. हे वर्ष मृगापासून सुरू होते, म्हणून दोन आकडे. वाचता येत नाही म्हणून रुमाल रद्दीत घालणे हा तर अपराधच. राजवाड्यांनी अशीच घरोघरची दप्तरे पायपीट करून गोळा केली. धुळ्यास त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे. पुण्यातील पेशवे दप्तर त्यानंतरचे. आपले गाव, परगणा आणि अंदाजे साल हाती असल्यावाचून तेथे जाणाऱ्यास रुमालांच्या राशी पाहून परतावे लागते.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आम्हांस याहून उपयोगाच्या वाटतात. यात्रेस गेलेल्या पुरुषाचे नाव, बाप, आजा, भाऊ, मुलगे आणि गाव, अशी नोंद तेथे आढळते. मूळ गावाचा उल्लेख एखाद्या जुन्या पानावर असू शकतो. कुलदैवतही दिशा दाखविते. पण जेजुरीचा खंडोबा ज्याचा, तो जेजुरीचाच, असे मात्र नाही.

या वह्यांत काय, आपल्या वंशावळींत काय, लेकीबाळी क्वचितच येतात. लग्नात नावही बदलले, की माहेरच्या कागदांतून ती स्त्री नाहीशी होते. तरी लग्नाकार्यात कोणत्या गावच्या भाऊबंदांस पहिली अक्षत जात असे, सोयर-सुतक कोठवर पाळत, हे विचारायचे तर आत्यालाच. आमच्या वंशावळीत पणजोबांच्या तीन बहिणींची नावे अशीच मिळाली, आणि एका बहिणीच्या सासरी, रावेराकडे, आमच्या घराण्याचा सर्वांत जुना कागद निघाला.